खोडा

फणसाचं लाकूड रंध्याखाली शहाण्यासारखं वागतं,
आत हळदीसारखं पिवळं निघतं.
दोन फळ्या घेतल्या, प्रत्येकीत अर्धी अर्धी दोन भोकं.
मिटल्या की झाला खोडा: घोटे पलीकडे, बहीण अलीकडे.
कडा टोचू नयेत म्हणून
दुपारभर पॉलिशपेपर घासला मी, खोबरेल चोळलं.
शेजारचा वागिमान म्हणाला, काम सुबक झालंय.
मला बरं वाटलं.
हे आधीच सांगून टाकतो.

पार्तिनी तेव्हा एकोणीसची.
सुराबायाच्या बुटांच्या कारखान्यातून परतली
ती कानात कुणाचं तरी बोलणं घेऊनच.
रात्री भातखाचरांतून धावत सुटायची.
एकदा विहिरीच्या कठड्यावर सापडली,
एकदा लुराहच्या गोठ्याला काडी लावताना.
गाव म्हणालं, आता काय ते तूच बघ.
मी सुतार. मी सुतारासारखं बघितलं.

आमच्या घराण्यात हे नवं नव्हतं.
आजोबांची बहीण, साइनेम,
तिच्या अंगात वडाखालचं कुणीसं यायचं.
गावचा मांत्रिक आला, डुकुन म्हणतो आम्ही त्याला.
धूप जाळला, टाळूवर फुंकर घातली, काळा कोंबडा गेला.
उतरलं काहीच नाही.
पण सात रात्री तो म्हातारा तिच्याजवळ बसून होता,
ती बोलेल ते ऐकत,
आणि सात रात्री ती झोपली,
असं आजोबा सांगायचे.

मग डच साहेबाचा हुकूम निघाला.
साइनेमला आगगाडीत घालून डोंगरातल्या दवाखान्यात नेलं.
पांढऱ्या भिंती, लांबलचक पडव्या,
कोमट पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत तासन्‌तास,
वरून ताणलेलं कापड, त्याला डोक्यापुरतं भोक.
भोकं कुणी ना कुणी पाडतंच.
एकच पत्र आलं, डच भाषेत.
वाचून घ्यायला आजोबा बारा कोस चालले.
पत्रात तिचं वजन होतं आणि तारीख.

म्हणून मी पार्तिनीला कुठे पाठवलं नाही.
घरात ठेवली. चौदा वर्षं.
आई भरवायची.
मी दर पावसाळ्याआधी फळ्यांना तेल द्यायचो.
जित्याची खोड म्हणतात,
ती तिची की माझी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

मग मोटारसायकलवरून नर्स आली, एंडांग,
हेल्मेटला चिखल, पाठीला औषधांची पिशवी.
येणारा प्रत्येक माणूस मला विचारायचा, कशी आहे?
ही उकिडवी बसली आणि तिलाच म्हणाली,
‘पार्तिनीताई, काय म्हणतायत ते आवाज?’
बंद घरात कुणी आतून कडी वाजवावी
तशी माझी बहीण खोकली.

महिन्याला एक सुई. तिसऱ्या महिन्यात
आवाज शेजारच्या घरी राहायला गेले, असं तीच म्हणाली.
पाचव्या महिन्यात खोडा काढायचं ठरलं.
खिळे गंजून एकजीव झालेले, करवतच लागली.

पाय सरळ झाले नाहीत. पोटऱ्या मनगटाएवढ्या.
आणि पहिल्या रात्री ती ओरडत राहिली,
‘घाल परत! पाय उडून चाललेत माझे!’
एंडांगच्या पिशवीत याला औषध नव्हतं.
मी पायथ्याशी बसलो, दोन्ही घोटे धरून,
ना घट्ट, ना सैल.
सात रात्री नाही, चाळीसेक तरी.

यंदा पुरात पूल गेला. दोन महिने सुई नाही.
आवाज परतले, सामानासकट.
कापलेल्या फळ्या अजून खुराड्यामागे आहेत.
मी एकदा तिकडे बघितलं, खोटं कशाला बोलू.
मी बघतोय हे तिने बघितलं.

काही बोलली नाही.
काठी घेतली, फरफटत रस्त्यापर्यंत गेली,
मैलाच्या दगडावर बसली,
मोटारसायकल जिकडून येते
तिकडे तोंड करून.

बराच वेळ गेला.
मग मी छत्री घेऊन गेलो.